माहे हात अफूनं नेले

माहं नाव गिरजा. सावलीहून कोसभर आत तलावाच्या पाळीखाली आमची टोली हाये, बारा-पंधरा घरं, सगळे मासोळ्या मारनारे, अन् पान्याच्या दिवसात दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवना करनारे. माही माय सुईन होती, तिची माय बी सुईन. मी धा-अकरा वर्साची असीन तवापासून माय मले संगं नेत जाय. पहिले नुसतं पानी तपवायले, मंग तेल आनायले, मंग एक दिवस मायनं माहा हात धरला अन् बाईच्या पोटावर ठेवला, म्हने पाह्य, डोकसं कुठी हाये ते बोटानं इचार. तवापासून माह्या बोटाले दिसाले लागलं. हो बाई, खरं सांगतो, डोये मिटले तरी बोटाले दिसत जाय. लेकरू आडवं हाये का पायाळू हाये, नाळ कुठी हाये, सगळं. सावलीपासून इकडे नदीच्या कडेपर्यंत किती लेकरं माह्या हातावर आले त्याचा हिशोब नाई. लोकं म्हनत, गिरजेचा हात लागला म्हंजे भेव नाई.

हे मी मोठेपना कराले नाई सांगून राह्यली. काय गेलं ते समजाव म्हनून सांगतो.

लगन झालं ते याच टोलीत. माहेर त्या टोकाले, सासर या टोकाले. घरचा मानूस साधा, दिवसभर तलावात नाईतर नदीवर, बोलनं कमी. सासू चांगली होती. लोकं सासवाईचे गाऱ्हाने सांगतात, माही सासू तशी नव्हती, अन् तिनंच मले पहिली गोळी देल्ली. आता याले काय म्हनावं? तिनं मायेनं देल्ली, बाई. मले पहिली शांता झाली, तिच्या मांगं दोन लेकरं पोटातच गेले, अन् दुसऱ्याच्या वक्ताले माह्या पोटात जी कळ बसली ते बसलीच. इंग्रज जाऊन दोन-तीन वर्स झाले असतीन तवाची गोष्ट. रोवन्याचे दिवस होते, मी कमरेत वाकली की उभंच राहता येये नाई. बांधीत चिखलात बसून रडत जाव. सासू दमेकरीन, तिच्याजवळ अफूचा पास होता, सावलीले सरकारी ठेका होता तिथून पासावर मोजून भेटत जाय. तिनं आपल्या वाट्यातली मोहरीयेवढी काढली अन् म्हने, घे व पोरी, गुळात घालून गिळ, किती दिवस तरफडशीन.

काय सांगू तुम्हाले. घडीभरानं कळ गेली. कळ गेली येवढंच नाई, मनातलं सगळं वझं उतरल्यावानी झालं. जे दोन लेकरं गेले त्याईची आठवन होती, पन ते आठवन टोचे नाई. मी त्या दिवशी तिघीचा रोवना एकटीनं केला अन् गानं म्हनत केला. सासू हासे, म्हने पाह्य, कशी उठली माही सून.

मंग रोवना सरला, पन गोळी नाई सरली. मोहरीयेवढी होती ते ज्वारीयेवढी झाली, तुरीयेवढी झाली. सासू मेली तवा मी तिच्यासाठी रडली का तिच्या पासासाठी रडली हे मले आजबी नेमकं सांगता येत नाई. मंग घरच्यानं खटपट करून माह्या नावानं पास काढला, पोटाचं दुखनं लिवून. त्याले वाटे औषिद हाये.

तुम्ही शिकलेल्या बाया आहा, तुम्हाले वाटत असन का हिले समजत काऊन नसन. समजे ना! सगळं समजे. तेच तर हाये. दारू पेलेल्या मानसासारखं नसते हे. अफू खाल्लेली बाई भांडत नाई, पडत नाई, चांगली बोलते, डोकसं चालते, पन ते डोकसं आपलं राहत नाई. माहं डोकसं अफूचा वकील झालं होतं. मी सक्काळी उठून म्हनाव, आज नाई खाव. डोकसं म्हने, बरोबर हाये, नोको खाऊ, पन आज बजाराचा दिवस हाये, पायी जा लागते, उद्यापासून सोड. उद्या म्हने, आज एका बाईले दिवस भरले हायेत, बोलावनं आलं तर हात कापतीन, आज खा, परवा सोड. परवा कोनी मेलं राहे, नाईतर कोनाचं लगन राहे. कोर्टात वकील जसा कागदामांगं कागद काढते तसं. अन् दर डाव मले ते पटे. एकदा नाई, हजार डाव पटलं. मी शांतेच्या डोकशावर हात ठेवून शपथ घेतली होती, अन् त्याच दिवशी दुपारी खाल्ली, अन् खातानी मनात काय आलं सांगू? का शपथ सक्काळची होती.

लाज सांगतो आता. बाळंतपनाच्या घरी मी अफू मांगाले लागली. लेकराच्या पोटात कळ येईन, रडन, माय बांधीत गेल्यावर कोन पाहीन, बोटाच्या टोकाले लावून चाटवा लागते, आनून ठेवा, असं सांगाव. तसं बायाईत चालतच होतं, म्हनून कोनाले शंका येये नाई. त्यातली कनभर लेकराले लावाव अन् बाकीची पदराले. तान्या लेकराच्या नावावर खाल्ली मी. एक घर तर असं होतं का त्या बाईजवळ काईच नव्हतं, तिनं माहेरी निरोप धाडून अफू मांगवली, माह्या लेकरासाठी म्हने, अन् माह्या हातात देतानी पाया पडली. मी आशीर्वाद देल्ला तिले. अन् ते गोळी घेऊन घरी आली.

आपन वाईट आहो हे समजते, बाई, पन ते समजनं अन् हात थांबनं या दोन गोष्टीत रस्ताच राहत नाई.

आता शांतेचं सांगतो. तिचं लगन सिंदेवाहीले करून देल्लं. जवाई चांगला, धानाच्या गिरनीत कामाले. लगनाच्या दुसऱ्या वर्सी तिले दिवस गेले अन् पहिलं बाळंतपन म्हनून सातव्या महिन्यात आमच्याकडे आली. आली तशी म्हने, आई, तिकडे दवाखाना हाये, सासू म्हने तिथीच राह्य, पन मी म्हनलं माह्या मायसारखा हात कोनाचा नाई. हे म्हने ते. मले येवढा आनंद झाला, अन् तेवढंच भेव. मी तिच्या पोटावर हात ठेवला. बोटाले पहिल्यासारखं दिसे नाई, बाई. जसं डोयात पानी आल्यावर दिसते ना, तसं पुसट. मी म्हनलं डोकसं खाली हाये, सगळं चांगलं हाये. होतंबी डोकसं खाली. पन नाळीचं मले काई समजलं नाई.

तिचे दिवस भरत आले तसं मी ठरवलं का या दिवसासाठी दोन गोळ्या अलग काढून ठेवाव, म्हंजे हात थिर राहतीन. ठेवल्या बी, डब्यात बांधून. अन् ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी एक खाल्ली, चौथ्या दिवशी दुसरी. आठ दिवसाचा वाटा माहा पाचातच सरत होता, ठेक्यावरचा मानूस बजाराच्या दिवसाबिगर देये नाई, त्याचीबी चूक नाई, त्याले तसा हुकूम.

ज्या दिवशी शांतेले कळा सुरू झाल्या तो बजाराचा दिवस नव्हता. सूर्य वर आला होता. घरचा मानूस डोंगा घेऊन नदीवर गेलता, दोन दिवसानं येनार होता. मी पानी ठेवलं, पोरीले फिरवलं, कमरेले तेल लावलं. अन् मंग अफूबिगर मले जांभया सुरू झाल्या. डोयातून पानी, नाकातून पानी, अंगावर काटा, पायाच्या नळ्या कोनी पिळून राह्यलं असं. ज्याले म्हाईत नाई त्याले सांगतो, त्याबी कळाच राहतात, बाळंतनीसारख्याच येतात अन् जातात, येतात अन् जातात, पन त्या कळाईतून काईच जन्माले येत नाई. घरात मायलेकी दोघी कळा खात होतो, बाई.

शांता म्हने, आई, तुले काय झालं व? मी म्हनलं, काई नाई, थंडी भरली. अन् वकील लागला बोलाले. पहिलटकरीन हाये, दिवस मावळेपर्यंत काई होत नाई. तू अशा हातानं लेकरू घेशीन तर पाडशीन. सावली काय दूर हाये, कोसभर, जाशीन अन् येशीन. पोरीसाठीच जाऊन राह्यली ना. पाह्यलं? पोरीसाठीच! शेजारची भागाबाई बुडी, तिले बोलावलं, हिच्याजवळ बस, मी सावलीहून सुंठ अन् ओवा घेऊन येतो म्हनलं. भागाबाई म्हने, अव माह्याजवळ सुंठ हाये. मी म्हनलं, ते जुनी हाये. शांतेनं माहा पदर धरला. आई, नोको जाऊ व. मी तिचे बोटं सोडवले. एक एक करून सोडवले. येतोच मी, म्हनलं, तू उठून बसाच्या आत येतो.

ठेक्यावाल्यानं नाई म्हनलं ते म्हनलंच. मंग मी तिथल्याच गफूरभाईकडे गेली. गफूरभाई चुडीवाले, आमच्या टोलीत बांगड्या भराले येत, शांतेच्या लगनाचा चुडा त्याईनंच भरलता. म्हातारे झालते, खोकल्यासाठी त्याईचाबी पास होता, थोडी खात पन मापात. मी त्याईले सांगतलं का पोरगी अडली हाये, कळा सोसवत नाईत, तिच्यासाठी द्या. गफूरभाई माह्या डोयातल्या पान्याकडे पाहत राह्यले. म्हने, बहन, बेटी के लिए मंगती के अपने लिए? मी म्हनलं, शांतेच्या गळ्याची आन, तिच्यासाठी. त्याईनं कागदात बांधून देल्ली अन् म्हने, जल्दी जाओ, रस्त्यात थांबू नोको.

मी गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली थांबली अन् सगळीच्या सगळी गिळली. डोकसं म्हने, दोन घडी बस, अंगात उतरू दे, मंग पाय उचलतीन. मी बसली. ऊन पडलं होतं, वारा होता, अन् सगळं येवढं चांगलं वाटे का काय सांगू. शांता घरी हाये, तिचं होऊनच राह्यलं हाये, सगळं होते आपोआप. डोये उघडे होते माहे. झोपली नव्हती मी, लोकं म्हनतात झोपली, नाई. मी सूर्य पाहत होती सरकतानी. मले उठाव लागते हे म्हाईत होतं, अन् उठाव वाटे नाई.

टोलीत पोचली तवा उन्हं कलले होते. दारात बाया उभ्या होत्या, त्याईनं रस्ता सोडला. पोरगा झालता. नाळ मानेले दोन येढे पडली होती. भागाबाई बुडी, तिनं उभ्या जन्मात आपलेच लेकरं तेवढे पाह्यले, तिले काय समजे? डोकसं आलं तवा बोट घालून नाळ सैल करा लागते, डोकशावरून काढा लागते, बस. येवढंच काम. मी कितीदा केलं असन. बोलता बोलता करत जाव. बुडीनं लेकरू वढलं अन् नाळ आवळली. पोरगा निळा पडलता, चांगला भरलेला, डोकशावर केस.

शांता रडत नव्हती. म्हने, आई, मी आवाज देल्ले, तुले तलावापर्यंत पाहून आले लोकं.

अन् आता जे सांगतो ते मी घरच्यालेबी नाई सांगतलं. मी त्या लेकराले मांडीवर घेतलं, त्याच्या मानेवरचा वळ पाह्यला, अन् माह्या छातीत काईच हाललं नाई. काईच नाई. अफू होती ना अंगात पुरी. मी बायाईले म्हनलं, पानी आना, पोरीले पुसून घ्या. चांगली बोलली, बरोबर काम केलं. माहा नातू माह्या मांडीवर मेला पडलता अन् मी थिर होती. दुसऱ्या दिवशी अंगातून उतरलं तवा रडू आलं, मांगच्या दोन लेकराचंबी त्यातच आलं, वाटे छाती फाटते. अन् ते सोसवेना म्हनून मी काय केलं असन ते तुम्ही समजून घ्या.

शांतेनं सव्वा महिना झाल्यावर गठोडं बांधलं. जातानी माह्या पाया पडली. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. गफूरभाईले कोनीतरी सगळं सांगतलं, ते टोलीत आले, अंगनात बसले, पानीबी नाई पेले. म्हने, गिरजाबाई, मले तुहे डोये दिसले होते, मी तरी देल्ली, माह्यावरबी हाये हे. मी म्हनलं, नाई भाऊ, तुमच्यावर नाई. त्याईनं मंग आमच्या टोलीत येनंच सोडलं.

मंग मी घरच्याले म्हनलं, मले कोंडा. खरंच म्हनलं. त्यानं जाळं खुंटीले टांगलं अन् बाहेरून कडी लावून दारात बसला. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मी भिंतीले डोकसं आपटलं, ओकली, कपडे खराब केले, त्यानं ते धुतले. मी त्याले काय काय बोलली ते कोन्या बाईनं नवऱ्याले बोलू नये. तिसऱ्या दिवशी पाया पडली, तुह्या मायनंच लावली मले, म्हनलं. तो नुसतं पानी पाजे. चवथ्या दिवशी माह्या अंगात बोलाचीबी ताकत नव्हती, डोये वर गेले. तवा तो उठला. सावलीले गेला, धावत गेला म्हने, अन् घेऊन आला, अन् आपल्या हातानं माह्या तोंडात घातली. अन् भिंतीले टेकून रडाले लागला. मले नाई पाहवत गिरजे, म्हने, मले नाई पाहवत. मी गिळली, घडीभरानं उठून त्याचे डोये पुसले अन् त्याले भात वाढला.

दवाखान्यातल्या डाक्टरनं सांगतलं का असं एकदम तोडू नोका, मरन बाई. थोडी थोडी कमी करा. आठ दिवसाले सुतानं कापून एक कतरन कमी. आम्ही तसं केलं. कापलेल्या कतरनी मी एका डबीत टाकत जाव, फेकत नव्हती. काऊन फेकत नाई, घरचा म्हने. मी म्हनाव, किती कमी झालं ते दिसाले पाह्यजे. मलेबी तेच खरं वाटे. दोन महिने झाले, मी पहिल्यापेक्षा अर्ध्यावर आली होती, लोकाईले सांगत फिराव, अर्ध्यावर आली. अन् एक दिवस दुपारी डबी उघडली अन् पाह्यता पाह्यता पुरी डबी खाल्ली. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं, दोन दिवस उठवून उठवून चालवत होते म्हने. मले काई आठवत नाई. वाचली. काऊन वाचली देवाले म्हाईत.

आता सरकार ठेका बंद करनार म्हनतात. दरसाल माल कमीच होऊन राह्यला. डाक्टर म्हने, नागपूरले मोठ्या दवाखान्यात राहा लागन महिने दोन महिने, जाता का? घरचा हो म्हनते, मीबी हो म्हनतो. अन् रोवना झाल्यावर जाऊ म्हनतो, मंग धान कापल्यावर जाऊ म्हनतो. पाह्यलं ना, कोन बोलून राह्यलं ते?

घरचा आता गोळी आपल्या धोतराच्या गाठीत ठेवते. सक्काळी एक, दुपारी एक, लेकराले चारल्यावानी देते. नदीवर गेला तरी दुपारी परत येते, त्यामुळं मासोळ्या कमी झाल्या. तो आंगधुनं करते तवा मी त्याचं धोतर चाचपतो. त्याले म्हाईत हाये. मले म्हाईत हाये का त्याले म्हाईत हाये.

बाळंतपनाले मले आता कोनी बोलावत नाई. सावलीच्या दवाखान्यात नर्सबाई आली हाये, पोरीसोरीच हाये, पन चांगली हाये, हात धुते, घाई करत नाई. टोलीतल्या बाया तिच्याकडेच जातात. चांगलं झालं. मी वाटेत भेटली तर बाया पोटावरून पदर घेतात, त्याईले वाटते मले समजत नाई.

मांगच्या महिन्यात सिंदेवाहीहून जवाई आलता. शांतेले परत दिवस गेले, पाचवा चालू हाये. आतमधी घरच्याशी हळू बोलला, पन मले आयकू आलं. दवाखान्यात नाव घातलं हाये, तिकडेच करतो म्हने. मंग जातानी माह्याजवळ आला, खाली पाहून म्हने, आई, शांतेनं इचारलं, तुमची तब्येत कशी हाये. मी म्हनलं, चांगली हाये, अन् तिले सांगा का जड उचलू नोको.

देवा, तिचं नीट कर. तिचे हातपाय मोकळे कर. अन् येवढं आयक, तिले माही आठवन नोको येऊ देऊ, तिच्या तोंडून आईले बोलवा असं नोको निघू देऊ. काऊन का तिनं बोलावलं तर मी जाईन, बाई. आता सोडली म्हनून सांगीन, तिच्या डोकशावर हात ठेवून सांगीन, अन् मले सोताले ते खरं वाटन.